कामात हात किती, डोकं किती? अंगावरून वारं गेल्यावर चित्रकाराने, लेखकाने, गायकाने पुन्हा कामाला बसायचं कसं

२०१८ च्या सप्टेंबरात माझ्या टेबलावर चार दिवाळी अंकांची मुखपृष्ठं होती आणि एका हौशी नाटकाचं नेपथ्य डोक्यात घोळत होतं. बुधवारी सकाळी छातीभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटलं. दुपारी पाय जड झाले. संध्याकाळी लघवी होईना. गल्लीतल्या डॉक्टरांनी 'पाठ भरलीय' म्हणून इंजेक्शन दिलं. रात्री दहाला बोटांतून ब्रश गळून पडला आणि तो उचलायला वाकले ती परत सरळ झाले नाही. पहाटे मिरजेला नेलं, एमआरआय झाला आणि मानेतल्या मज्जारज्जूला सूज असल्याचं कळलं. आजाराचं नाव ट्रान्सव्हर्स मायलायटिस. बघायला आलेल्या पाहुण्यांनी त्याचं 'अंगावरून वारं गेलं' असं भाषांतर केलं. एकानं कबुतराचं रक्त चोळायचा सल्लाही दिला.

आज मी व्हीलचेअरवर आहे. मनगटं वर उचलता येतात, बोटं मनासारखी मिटत नाहीत. तरी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं दर वर्षी करते, वर्षाला एखादं-दुसरं नेपथ्यही. हे पुन्हा जमायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्यातले सहा महिने निव्वळ चुका करण्यात गेले. ते सहा महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी आजाराचं नाव नीट विचारून घ्या

हे डॉक्टरांचं काम असलं तरी पुढच्या कामाचा हिशेब त्या नावावर अवलंबून असतो. अचानक येणाऱ्या दुर्मीळ लकव्यांपैकी दोन नावं आपल्याकडे जास्त ऐकू येतात. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात पसरला तेव्हा घराघरांत माहीत झाला. एरवी तो वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होतो. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जारज्जूच्या बाहेरच्या नसांवर उलटते. अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो आणि जास्तीत जास्त चार आठवडे वाढत राहतो. आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या तयार अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा बदलणं हे त्याचे उपचार, स्टेरॉइडचा त्यात उपयोग होत नाही. सहा महिन्यांत बहुतेक जण आधाराविना चालू लागतात. मात्र नसेचा आतला तंतूच मेला असेल, तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं परत वाढतो. कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून बघा, म्हणजे बोटं इतकी उशिरा का जागी होतात ते कळेल.

ट्रान्सव्हर्स मायलायटिस आणखी दुर्मीळ, वर्षाला दहा लाखांत एक ते आठ जणांना होणारा. सूज खुद्द मज्जारज्जूत असते, त्यामुळे त्या पातळीखालचं सगळंच बिघडतं: ताकद, स्पर्श, लघवी, संडास. शिरेतून मोठ्या डोसचं स्टेरॉइड तीन ते पाच दिवस देतात, गरज पडली तर प्लाझ्मा बदलतात. ढोबळ हिशेब असा सांगतात की एक तृतीयांश लोक चांगले बरे होतात, एक तृतीयांश अर्धेमुर्धे आणि उरलेल्यांत मोठं अपंगत्व राहतं. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसते, पण दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते. ही सूज एनएमओ नावाच्या, डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांवर प्रतिकारशक्ती उलटते त्या आजारातूनही येते, आणि त्याचा झटका पुन्हा येऊ शकतो. म्हणून त्याची रक्ताची अँटिबॉडी तपासणी झाली का हे डिस्चार्ज कागदावर बघून घ्या. तसं असेल तर पुन्हा झटका येऊ नये म्हणून औषध दीर्घकाळ चालतं, आणि ते मधेच बंद करणं म्हणजे उरलेला हातही पणाला लावणं.

या सगळ्यातून कामापुरता घ्यायचा अर्थ एवढाच: पहिल्या सहा महिन्यांत कायमचे निर्णय घेऊ नका. स्टुडिओचा गाळा सोडणं, हार्मोनियम विकणं, शिष्यांना 'दुसरीकडे जा' म्हणणं, हे सगळं थांबू दे. आणि त्याच सहा महिन्यांत 'दिवाळीला देते' असा शब्दही कुणाला देऊ नका.

पहिला आठवडा: फोन कुणी करायचा

आयसीयूत असताना तुम्ही फोन करणार नाही. घरातला एक माणूस नेमा. एकच, कारण दोघांनी फोन केले की दोन गोष्टी सांगितल्या जातात. माझ्या बाबतीत नवऱ्यानं एका संपादकांना सांगितलं, 'व्हायरल ताप आहे, आठवड्यात देईल.' मला वाईट वाटू नये म्हणूनच बोलले ते. संपादकांनी तीन आठवडे वाट पाहिली आणि अखेर बिनमुखपृष्ठाचा अंक घेऊन छापखान्याच्या दारात उभे राहिले. ते काम गेलं आणि ते संपादकही कायमचे तुटले. खरं सांगितलेल्या तिन्ही संपादकांशी मात्र आजही काम चालू आहे.

सांगायचं ते थोडक्यात: काय झालंय, किती दिवस काही सांगता येणार नाही, आणि त्यांच्या कामाचं काय करायचं. त्यासाठी हातातल्या कामांचे तीन ढीग करा. जवळजवळ पूर्ण झालेलं काम आहे त्या अवस्थेत पाठवा. दुसऱ्या कलाकाराला देता येण्यासारखं काम, त्याचं नाव आणि उरलेले पैसे त्याच्याकडे जातील असं ठरवून सोपवा. तिसऱ्या ढिगातल्या कामाचा उचललेला ॲडव्हान्स परत करा. दवाखान्याचं बिल समोर असताना तिसरं फार जड जातं. एकदम जमणार नसेल तर हप्ते सांगा, पण सांगा.

कॉम्प्युटर, मेल, बँक यांचे पासवर्ड त्याच माणसाला द्या. माझ्या अर्ध्या फायली ज्या मशीनमध्ये होत्या, त्याचा पासवर्ड फक्त माझ्या बोटांना माहीत होता. तो कधी तोंडानं म्हटलाच नव्हता, त्यामुळे आठवेना.

शरीराचं वेळापत्रक आधी, कामाचं नंतर

घरी आल्यावर मी केलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे पूर्वीसारखं सलग बसणं. चित्र रंगात आलं की मी तीन तास हलत नसे. पाठीखालची कातडी बधिर असताना तीन तास हलला नाहीत, तर चित्र पूर्ण होतं आणि माकडहाडावर जखम होते. माझी भरायला अडीच महिने लागले आणि ते सगळे दिवस पालथं पडून काढले. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा. वाजला की पुढे वाका किंवा एका कुशीवर झुका, एक-दोन मिनिटं तसंच राहा, मग परत कामाला. रात्री झोपण्याआधी घरच्या कुणाला तरी माकडहाड, टाचा, कुल्ल्याची हाडं बघायला सांगा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून स्वतः बघा. दाबल्यावरही न जाणारा लाल डाग दिसला, तर दुसऱ्या दिवशी खुर्ची बंद.

लघवी स्वतः नळीनं काढावी लागत असेल तर ती दर चार ते सहा तासांनी. कामाच्या बैठका याच खुणांमध्ये बसवायच्या. सकाळी सातला नळी, नऊ ते साडेदहा काम, अकराला नळी आणि पडणं, असं माझं चालतं. नसांच्या जळजळीची आणि स्नायू ताठरण्याची औषधं घेतल्यावर गुंगी येते. बारीक कामाच्या वेळेशी ती आदळत असतील तर डोसच्या वेळा हलवता येतात का ते डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं हलवू नका.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हवी. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं फुटल्यासारखं दुखू लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर रक्तदाब भडकलेला असू शकतो. झोपवायचं नाही, सरळ बसवायचं, कपडे सैल करायचे. मूत्राशय तुंबलंय का, नळी मुडपलीय का ते बघायचं. उतरलं नाही तर तडक दवाखाना. 'चित्राचं टेन्शन घेतलं असेल' म्हणून पडून राहू नका.

आणि आपल्या सांगलीचा एप्रिल-मे. घाम नीट येत नसेल तर अंग तापत जातं आणि उतरत नाही. त्या दोन महिन्यांत मी पहाटेच काम करते, मानेला ओला पंचा गुंडाळून.

कामाची फोड

या लेखातला खरा मुद्दा हा. फिजिओला जाताना मी रोज विचारत होते, 'हात कधी येईल?' तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) बाईंनी एक दिवस उलटं विचारलं, 'तुमच्या कामात हात नक्की कुठं लागतो?' मला उत्तर देता येईना. मी घरी येऊन एका मुखपृष्ठाची उभी फोड केली.

अंकाचा मजकूर वाचणं. संपादकांशी बोलणं. कल्पना. पाच-सहा अंगठ्याएवढी कच्ची रेखाटनं. त्यातलं एक निवडणं. अक्षरं. मोठं रेखाटन. रंग ठरवणं. रंग भरणं. छपाईची फाइल. प्रूफवर रंग तपासणं. ही अकरा कामं झाली. त्यांतल्या रेखाटन, अक्षरं आणि रंग भरणं या तीनच कामांत माझा सराईत हात लागत होता. कच्च्या चित्रांना कसाही हात चालत होता. फाइल दुसरा कुणीही करू शकत होता. उरलेली सगळी डोळ्यांची आणि डोक्याची. मी मात्र एवढी वर्षं तीन कामांनाच 'माझी कला' म्हणत आले होते.

नेपथ्याची फोड केली तर हात आणखी कमी निघाला. संहिता वाचणं, दिग्दर्शकाशी भांडणं, ग्राउंड प्लॅन, मॉडेल, सुताराला मापं समजावणं, फ्लॅट (सेटच्या सुट्या भिंती) रंगवणाऱ्यावर नजर, रंगीत तालीम. चालणं-चढणं फक्त शेवटच्या दोन टप्प्यांत लागत होतं आणि तिथंही माझं काम बघून ओरडणं हेच होतं. ते खुर्चीवरूनही होतं, उलट खुर्चीवरून पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांची उंची मिळते.

तुमच्या कामाची अशी फोड कागदावर करा, कुणाकडून लिहून घेऊन का होईना. प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक शब्द लिहा: जमतं, साधनानं जमेल, दुसऱ्याचा हात हवा, सोडलं. चौथ्या खान्यात माझ्याकडे एकच गोष्ट आहे, बोरूनं काढलेली बारीक अक्षरं. ती मी सोडली. वाईट वाटतं अजून.

लेखकाच्या फोडीत हात फारच थोडा असतो असं वाटतं, पण लिहिता लिहिता सुचण्याची सवय असलेल्याला बोलून सुचत नाही. ती सवय निराळी लावून घ्यावी लागते. गायकाची अडचण वेगळीच. छातीच्या किंवा मानेच्या पातळीवरच्या इजेत पोटाचे स्नायू सैल पडतात आणि दमसास तुटतो. पोटाला बांधायचा रुंद पट्टा बसताना बांधला तर बऱ्याच जणांना श्वास आणि आवाज दोन्ही सुधारतात. तो किती घट्ट, किती वेळ, हे फिजिओकडून ठरवून घ्या. मिरजेच्या बैठकीत मांडी घालून तासन्‌तास बसायची आपली रीत. बधिर अंगाला सतरंजीवरची ती बैठक म्हणजे जखमेला आमंत्रण. खुर्चीवर, योग्य गादीवर बसून गा. कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. तबलजी, सतारिये यांच्यासाठी माझ्याकडे गोड उत्तर नाही. बोटं परतली नाहीत तर मंचावरचं वादन थांबतं. शिकवणं, बंदिशी बांधणं, ध्वनिमुद्रणात संयोजन, मिरजेत तंतुवाद्यांच्या कारागिरांबरोबर जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घडण) लावताना कान देणं, ही कामं मात्र त्याच विद्येची आहेत आणि त्यांना पैसे मिळतात.

साधनं: महागडी नंतर, चामड्याची आधी

मानेच्या खालच्या भागातल्या इजेत मनगट वर उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात. ही नैसर्गिक चिमट सांभाळा. घरचे प्रेमानं बोटं पूर्ण ताणून मागे वाकवतात, तेही मनगट मागे असताना, आणि ती चिमट सैल होऊन जाते. ताणायचं कसं ते थेरपिस्टकडून शिकून घ्या. मग मालिशवाल्यालाही सांगा.

ब्रश धरायला तळहाताभोवती बसणारा पट्टा लागतो, आत खिसा असलेला. त्या खिशात ब्रश, पेन, चमचा, काहीही बसतं. माझा पहिला पट्टा चपला शिवणाऱ्या कारागिरानं मऊ चामड्याचा करून दिला, आतून मखमल लावून, दोन दिवसांत. पेन जाड करायला एसी-फ्रिजवाल्याकडचा काळा फोमचा पाइप कापून घ्या, सायकलच्या मुठीपेक्षा तो हलका. कुठलंही नवं साधन पहिल्यांदा वीस मिनिटंच घाला, काढा, कातडी बघा. अर्ध्या तासानंतरही वळ उरला तर ते परत कारागिराकडे न्या.

बोटांची रेषा गेली की खांद्याची रेषा शिकायची. खांदा बारीक रेषा काढत नाही, म्हणून कागद मोठा घ्या. मी मुखपृष्ठ आता चौपट आकारात काढते, फोटो घेते आणि लहान करते. हाताची थरथर चित्र लहान झाल्यावर दिसत नाही. उलट अक्षरांत एक ढब आली जी आधी नव्हती. तिचं कौतुक करणाऱ्यांना ती कुठून आली हे मी सांगत बसत नाही.

न्यूयॉर्कचे चित्रकार चक क्लोज यांचं उदाहरण इथं कामाचं आहे. डिसेंबर १९८८ मध्ये मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत अडथळा येऊन ते अचानक लुळे पडले. पुढं मनगटाला ब्रश बांधून त्यांनी भिंतीएवढी व्यक्तिचित्रं केली. कॅनव्हास जमिनीतल्या फटीतून यंत्रानं खाली-वर होई, म्हणजे त्यांना उंच हात करावा लागू नये. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की फोटोवर चौकटी आखून एकेक चौकोन रंगवायची त्यांची पद्धत आजारपणाच्या कितीतरी आधीची होती. तीच पुढं तारून नेणारी ठरली. तुमच्या जुन्या पद्धतीत असं काय आहे जे तुकड्यातुकड्यानं होतं, ते आधी शोधा. चौकटी आपल्याकडच्या बॅनर रंगवणाऱ्यांनाही काही नव्या नाहीत.

डिजिटलकडे वळणार असाल तर क्रिटा हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि त्यात थरथर कमी करणारा स्टॅबिलायझर आहे. विंडोजमध्ये शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की स्टिकी कीज सुरू होतात, मग दोन कळा एकदम धराव्या लागत नाहीत. टॅब्लेट टेबलावर सपाट ठेवू नका, मान जाते.

लेखकांना मराठीत बोलून टाइप करता येतं. मोबाइलवरच्या जीबोर्डमध्ये मायक्रोफोनचं बटण आहे आणि क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडलं तर टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग मिळतं, तिथं भाषा मराठी निवडायची. प्रमाण मराठी ते बरं उतरवतं. आपली सांगलीकडची बोली, गावांची नावं, शिव्या यांची वाट लावतं. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात. म्हणून दोन पायऱ्या ठेवा: आधी साधं ध्वनिमुद्रण करून मनसोक्त बोला, मग ते ऐकत पक्कं वाक्य ठरवून टायपिंगला सांगा. पहिला महिनाभर सगळं कीर्तनासारखं ऐकू येतं. नंतर सवय होते.

उसने हात

ज्ञानोबांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. लेखनिक असणं आपल्या परंपरेत कमीपणाचं कधीच नव्हतं. तरी दुसऱ्याच्या हातानं चित्र रंगवून घेताना मला वर्षभर चोरी केल्यासारखं वाटत होतं. मग सुतारांनी एकदा सहज सुनावलं, 'ताई, सेट मी ठोकतो, नाव तुमचं लागतं. इतकी वर्षं तुम्हाला कुठं लाज वाटली?'

माझ्याकडे कला महाविद्यालयातली दोन मुलं आळीपाळीनं येतात. घरच्या माणसाला हे काम देऊ नका. नवरा दिवसभर नळी, आंघोळ, खुर्ची बघतो. संध्याकाळी त्यालाच 'तो निळा नाही, जरा राखाडी' म्हणत बसलात तर संसारही जातो आणि निळाही. मुलांना कामागणिक पैसे द्या, शिकायला मिळतं एवढ्यावर राबवू नका. किती आणि कधी ते चिठ्ठीवर लिहा. अंकात त्यांचं नाव 'रंगसाहाय्य' म्हणून छापा.

सांगायची भाषाही घडवावी लागते. 'थोडं वर' म्हणजे किती? आम्ही कागदावर बारीक पेन्सिलीनं चौकटी आखतो, आडव्यांना अ, आ, इ आणि उभ्यांना आकडे. 'इ-सातमध्ये पिवळा, बोटभर' एवढ्यानं भागतं. रंगांच्या मिश्रणाच्या पट्ट्या नंबर टाकून भिंतीवर लावल्यात. पूर्वी हे सगळं माझ्या हाताला माहीत होतं. आता भिंतीला माहीत आहे.

सल्ल्यापेक्षा बघून जास्त शिकता येतं. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था आहे. स्वतः नसीमादीदी वयाच्या सोळाव्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीवर. सांगलीहून तासा-दीड तासाची वाट. खुर्चीवरची माणसं कामाला जाताना-येताना दिसणं याची मला किती गरज होती, ते पाहिल्यावर कळलं.

घर, टेबल आणि कृष्णामाई

टेबलाखाली गुडघे जायला साधारण ७० सेंटिमीटर मोकळी उंची हवी, मधे आडवी फळी नको. दाराची मोकळी रुंदी निदान ३२ इंच. खुर्ची वळवायला पाच फुटांचा मोकळा गोल. उताराचं गणित एकास बारा: एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार. वाड्यातल्या उंबऱ्यांना हे गणित मान्य नसतं, म्हणून लाकडी पाचरी करून घ्याव्या लागतात. ज्या दोन खोल्यांत तुम्ही काम करता आणि झोपता, त्या आणि संडास, एवढंच आधी करा. सगळं घर फोडू नका.

व्हीलचेअर म्हटलं की सगळे तळमजला सुचवतात. आम्ही तेव्हा गावभागात तळमजल्यावर होतो. माझ्या आजारानंतर अकराव्या महिन्यात, ऑगस्ट २०१९ ला, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. धोक्याची पातळी ४५. पाणी आत आलं तेव्हा चौघांनी मला पलंगाच्या निवारपट्टीवर घालून बाहेर काढलं आणि वीस वर्षांची मूळ चित्रं माळ्यावर जाता जाता अर्धी भिजली. सांगलीत, सांगलवाडीत, कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात राहत असाल तर हा हिशेब नियमावलीतल्या उतारापेक्षा महत्त्वाचा. पाणी ४० फुटांची इशारा पातळी गाठायच्या आत हलायचं. आपल्याला शेवटच्या क्षणी पळता येत नाही. नळ्या, औषधं, कागदपत्रं, एक जास्तीचा हातपट्टा यांची पिशवी जूनपासून दारामागे टांगून ठेवा. मूळ चित्रं स्कॅन करून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे एक प्रत द्या. आम्ही नंतर विश्रामबागेकडे पहिल्या मजल्यावर आलो. लिफ्ट आहे, वीज गेली की मी घरात अडकते. दोन्हींतलं मला हे परवडलं.

पैसा आणि कागद

दर कमी करू नका. कामाचा दर कामाचा असतो, तासांचा नाही, आणि चित्र किती वेळात झालं ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही. मुदत मात्र दुप्पट मागा आणि वर आठ दिवस ठेवा. मूत्रमार्गाचा एक संसर्ग सहज आठवडा खातो. दिवाळी अंकांचं काम मी आता मे महिन्यात मागून घेते.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग शासकीय रुग्णालयात तपासणी. सुधारणा चालू असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्रही मिळतं, थांबून राहायची गरज नाही. ४० टक्के आणि वर असेल तर एसटीत ७५ टक्के सवलत आहे. प्राप्तिकरात जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट, ८० टक्के आणि वर असेल तर सव्वा लाखाची. पंधरा-वीस वर्षं कलेत घातली असतील, तर राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेची चौकशी पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा. महिना पाच हजार मानधन आहे आणि दिव्यांगांना वयाची अट शिथिल आहे. त्यासाठी जुनी अंकांची पानं, नाटकांच्या जाहिराती, स्पर्धेची प्रमाणपत्रं लागतात. माझी पुरात गेली. जुन्या सहकाऱ्यांकडून आणि वाचनालयांतून झेरॉक्स गोळा करायला तीन महिने लागले. तुमची आजच स्कॅन करा.

बोलावणी

थोडं काम दिसू लागलं की सत्कारांची बोलावणी सुरू होतात. शाल, नारळ, 'जिद्दीची कहाणी'. पहिल्या वर्षी मी सगळीकडे गेले. प्रत्येक सत्कारामागे दोन दिवस अंथरुणात, आणि एकातूनही काम आलं नाही. आता मी विचारते: बोलायचं मानधन किती, मंचावर खुर्ची कशी चढणार, आणि विषय माझ्या मुखपृष्ठांचा आहे की पायांचा. तिन्ही उत्तरं बरी आली तर जाते.

नाट्यगृहांचं म्हणाल, तर साडेतीन फुटांच्या मंचाला एकास बारानं ४२ फुटांचा उतार लागेल. तेवढी जागा कुणाकडे नसते. मी मागच्या दारानं जाते, जिथून सेट आत नेतात. तिथं बहुतेक ठिकाणी दोन-तीनच पायऱ्या असतात. सुतारांनी त्यासाठी दुमडणारी फळी केली आहे, दोन्ही कडांना पट्टी ठोकून. एकदा ती गोडाऊनलाच राहिली आणि मी रंगीत तालीम बाहेर टेम्पोशेजारी बसून फोनवर ऐकली. तेव्हापासून सामानाच्या यादीत फ्लॅट, लेव्हल, खिळे, दोर यांच्याही वर, पहिल्या ओळीत, सुतारांच्या अक्षरात लिहिलेलं असतं: ताईंची फळी, नग एक.